प्रशिक्षणाचे अनुदान शिकणाऱ्याच्या हाती पडते की केंद्राच्या?

सीनाकाठ (प्रश्न)

नमस्कार. आम्ही सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात राहतो. थोरल्या भावाच्या निधनानंतर वहिनी आणि पुतण्या आमच्यासोबतच असतात. वहिनींचे वय ३८, शिक्षण नववीपर्यंत; त्या घरी ब्लाउज आणि फॉल-पिकोची कामे करतात, गावातील बचतगटाच्या सभासद आहेत आणि शिधापत्रिका पिवळी आहे. पुतण्या २० वर्षांचा असून कला शाखेतून बारावी झाल्यावर त्याचे शिक्षण थांबले आहे.

गेल्या आठवड्यात एका प्रशिक्षण संस्थेचा माणूस गावात आला होता. शासनाचे अनुदान मंजूर आहे, दोघांनाही मोफत शिकवू आणि दरमहा खात्यात पैसे येतील, असे सांगून त्याने शेवटी प्रत्येकी २,५०० रुपये ‘अनामत’ मागितली. ही रक्कम नोकरी लागल्यावर परत मिळेल म्हणतो, पण पावती द्यायला तयार नाही. अशा योजनांत नेमके पैसे कोणाला मिळतात, वहिनींचे वय आड येते का आणि अनामत घेण्याची पद्धत खरोखर आहे का, हे कृपया कोणी जाणकाराने सांगावे.

निवृत्त शिल्पनिदेशक

पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका, हे आधी सांगतो. आता मुळाशी येऊ. कौशल्य प्रशिक्षणाच्या बहुतेक योजनांत अनुदान दर प्रशिक्षणार्थीमागे ठरलेल्या दराने संस्थेला मिळते आणि शिकणाऱ्याच्या पदरात पडते ते शिक्षण, प्रमाणपत्र आणि निवासी वर्ग असेल तर राहणे-जेवण. म्हणूनच संस्थांची माणसे गावोगाव फिरून नावे गोळा करतात. तुमच्या पुतण्याचे आधारकार्ड हे त्यांच्यासाठी उत्पन्नाचे साधन असते. यात गैर काही नाही, पण ‘दरमहा पैसे’ म्हटले की कोणत्या योजनेचे आणि कशाचे, हे विचारलेच पाहिजे.

दरमहा विद्यावेतन देणारी जी योजना आपल्याकडे सर्वांच्या तोंडी आहे, ती राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. ती २०२४ मध्ये सुरू झाली. १८ ते ३५ वयोगटातील, महाराष्ट्राचे अधिवासी आणि शिक्षण चालू नसलेले उमेदवार तिला पात्र असतात. बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये असे दर असून ही रक्कम उमेदवाराच्या आधार जोडलेल्या खात्यात थेट जमा होते. सुरुवातीला मुदत सहा महिने होती, पुढे ती अकरा महिन्यांपर्यंत वाढवली गेली. पुतण्या यात बसतो; वहिनी मात्र वय आणि शिक्षण या दोन्ही अटींमुळे बसत नाहीत. शिवाय हे एखाद्या कार्यालयात किंवा आस्थापनेत प्रत्यक्ष काम करत शिकणे आहे, त्यासाठी वर्ग भरत नाही, आणि मुदत संपल्यावर कायम नोकरीचा हक्क मिळत नाही. नोंदणी महास्वयं संकेतस्थळावर करायची असते. त्यात मधल्या माणसाचे काहीच काम नाही.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर विसाव्या वर्षी मुलाने तीन महिन्यांच्या प्रमाणपत्रापेक्षा शासकीय आयटीआयमध्ये वीजतंत्री किंवा जोडारी हा दोन वर्षांचा व्यवसाय करावा आणि नंतर शिकाऊ उमेदवारी धरावी. घरची ओढाताण दोन वर्षे सोसेल का, हे अर्थात तुम्हीच जाणता.

जुना हिशेबनीस

मी काही काळ एका खासगी प्रशिक्षण केंद्राचे हिशेब पाहत होतो, म्हणून आतली बाजू सांगतो. केंद्राला सगळी रक्कम एकदम मिळत नाही. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, उदाहरणार्थ, ३० टक्के वर्ग सुरू झाल्यावर, ५० टक्के प्रमाणपत्रानंतर आणि २० टक्के नोकरी लागल्याच्या पुराव्यावर, अशी विभागणी होती. चौथ्या टप्प्यात नोकरीची ही अट अनुदानापासून वेगळी करण्यात आली. याउलट ग्रामविकास मंत्रालयाच्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत किमान ७० टक्के प्रशिक्षणार्थींना नोकरी लावून देणे ही संस्थेची जबाबदारी ठरवलेली आहे.

ही दुसरी योजना आपल्या राज्यात ‘उमेद’ म्हणजे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत चालते. तिच्यात १५ ते ३५ हे वय असले, तरी मूळ मार्गदर्शक सूचनांनुसार महिलांसाठी ही मर्यादा ४५ आहे, आणि बचतगटातील सभासदांच्या कुटुंबाला पात्र धरले जाते. म्हणजे कागदोपत्री वहिनी आणि पुतण्या दोघेही बसतात. नोकरी लागल्यावर नव्या जागी बस्तान बसेपर्यंत दरमहा १,००० रुपयांची मदतही त्या सूचनांत आहे: स्वतःच्या जिल्ह्यात नोकरी असल्यास दोन महिने, राज्यात इतरत्र असल्यास तीन आणि परराज्यात असल्यास सहा.

परंतु नोकरी लावली म्हणजे काय, हे नीट पाहावे. आमच्या केंद्रातून चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला पाठवलेल्या मुलांचा पगार ऐकायला बरा होता; खोलीभाडे, मेस आणि जाण्यायेण्याचा खर्च वजा झाल्यावर घरी पाठवायला काही उरत नसे, आणि पहिला पगार हाती पडताच कित्येक जण एसटीने गावी परत येत. आमच्या दप्तरी मात्र त्यांची वेतनपावती लागलेली असे. तेव्हा संस्थेच्या माणसाला मागच्या बॅचमधील चार मुलांचे फोन क्रमांक मागा आणि त्या मुलांशी स्वतः बोला. तो क्रमांक द्यायला कां-कूं करू लागला, तर समजून जा.

बार्शीची शिलाई

वहिनींच्या बाबतीत मला वेगळे सुचवावेसे वाटते. ज्या बाईला मूल, शेत आणि घर सोडून पुण्याला नोकरीला जाणे शक्य नाही, तिला नोकरीसाठीचे प्रशिक्षण देऊन उपयोग काय? त्यांनी बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत जावे. साधारणपणे प्रत्येक जिल्ह्यात अशी एक संस्था असते आणि ती त्या जिल्ह्यासाठी नेमलेली मुख्य बँक, म्हणजे अग्रणी बँक, चालवते. बँक ऑफ इंडियाच्या संस्थांना ‘स्टार स्वरोजगार प्रशिक्षण संस्था’ म्हणतात. शिवणकामाचा वर्ग सुमारे महिनाभराचा असतो, राहणे-जेवणासह तो मोफत असतो आणि ३८ वय तिथे आड येत नाही. मीही अशाच वर्गात शिकले. शिवण मला आधीपासून येत होती. नवे काय मिळाले, तर कापडाचा, वेळेचा आणि मजुरीचा हिशेब मांडून एका ब्लाउजचा दर काढणे. तोवर मी शेजारणीने दिले तेवढे घेत होते. वर्ग संपल्यावर दोन वर्षे संस्था पाठपुरावा करते, त्यामुळे कर्जाच्या अर्जासाठी बँकेत एकटीने जावे लागले नाही.

वहिनी आधीपासून शिवणकाम करत असल्याने प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनाही पाहावी. तिच्या अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे. पाच ते सात दिवसांच्या मूलभूत प्रशिक्षणात दररोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत मिळते. लाभ मात्र कुटुंबातील एकालाच मिळतो, आणि कोणी मुद्रा कर्ज घेऊन ते अजून फेडलेले नसेल तर अडचण येते. शिंप्यांची नोंदणी सध्या सुरू आहे का, हे सेवा केंद्रात आधी विचारून मगच कागदांची जुळवाजुळव करा.

सीनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. त्या माणसाला योजनेचे नाव विचारले, तर ‘सगळ्याच योजना आहेत आमच्याकडे’ एवढेच म्हणाला, त्यामुळे तो विषय बंद केला. एकच शंका: वहिनींनी मशीनसाठी आधी कर्ज काढावे की आधी शिकावे?

बार्शीची शिलाई

आधी शिकावे. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण महिलांना प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान आहे, स्वतःचा वाटा ५ टक्के घालावा लागतो. तिथे प्रशिक्षणही पूर्ण करावे लागते, म्हणून प्रमाणपत्र जपून ठेवा. आणि हे अनुदान रोख हाती येत नाही. ते बँकेत तीन वर्षे वेगळे ठेवून नंतर कर्जात वळते केले जाते, तोवर हप्ते वेळेवर भरावे लागतात. विश्वकर्मा योजनेत जायचे असेल, तर ते आधी ठरवा. एकदा दुसरीकडून असे कर्ज घेतले, की तो रस्ता पाच वर्षे बंद होऊ शकतो. बचतगटाच्या समुदाय संसाधन व्यक्तीला (गटांना मदत करणाऱ्या गावातल्या कार्यकर्तीला) घेऊन पंचायत समितीतील ‘उमेद’च्या तालुका कक्षात जा, आधारकार्ड, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक, शाळा सोडल्याचा दाखला आणि गटाचा ठराव सोबत असू द्या.