मदत हवी आहे: दाजींची तीन बोटं प्रेसमध्ये गेली, वकील २५ टक्के मागतायत

वेंगुर्लारोडकर

नमस्कार. दाजींसाठी विचारतोय, त्यांना आता टाइप करायला जमत नाही.

आमचं गाव बेळगाव तालुक्यात. बाची ओलांडली की शिनोळी, म्हणजे चंदगड तालुका, महाराष्ट्र. तिथल्या औद्योगिक वसाहतीत आमच्याकडची बरीच पोरं कामाला जातात. दाजी पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या मशीनवर होते. जुलै २०२४ मध्ये सेकंड शिफ्टला उजव्या हाताची मधली तीन बोटं मुळापासून गेली. तेव्हा वय ४० पूर्ण. पगार महिना १४,०००, ठेकेदार बँकेत टाकायचा. स्लिप कधी मिळाली नाही, ईएसआय (कामगार विमा) कापत नव्हते.

मालकानं दवाखान्याचं बिल भरलं म्हणून आम्ही गप्प बसलो. "हलकं काम देतो, पर्मनंट करतो" म्हणत म्हणत दीड वर्ष गेलं. आता म्हणतंय एक लाख घ्या आणि बाँडवर सही करा. वर सुपरवायझर सांगत फिरतोय, मशीनवरचं सेफ्टी गार्ड यांनीच काढलं होतं म्हणून.

एका वकिलांकडं गेलो. म्हणाले, १५-२० लाख काढून देतो, आत्ता फी नको, मिळतील त्यातले २५ टक्के, आणि एक कोरा सही केलेला चेक ठेवून जा. दुसरे म्हणाले अपघात महाराष्ट्रातला, बेळगावात केस चालायचीच नाही. ताई म्हणते, लाख घेऊन मोकळे होऊया.

कुणाचं खरं धरायचं? सांगा की कुणीतरी.

उद्यमबागेतला फिटर

बाँडवर सही अजिबात नको. मी २६ वर्षं फौंड्रीत काढलीत, असले बाँड ढिगानं बघितलेत. तडजोड झाली तर तिची नोंद कामगार भरपाईच्या कमिशनरकडं करावी लागते. तशी नोंद नसेल तर मालकाची पूर्ण रक्कम देण्याची जबाबदारी संपत नाही. पण गरिबाला तो स्टॅम्पपेपर दाखवला की तो घाबरून कोर्टात जातच नाही, बाँडचा उपयोग एवढाच.

आणि दवाखान्याचा खर्च म्हणजे उपकार नव्हे. उपचाराला दिलेले पैसे भरपाईत धरता येत नाहीत.

कोर्टातला कारकून

आधी तारीख बघा. अपघातापासून दोन वर्षांच्या आत दावा दाखल व्हायला पाहिजे. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी वेगळं भांडावं लागतं. जुलै आला म्हणजे तुमची दोन वर्षं भरली. "मालक आश्वासन देत होता" हे कारण सांगायची पाळीच येऊ देऊ नका.

नोव्हेंबर २०२५ पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, पण तुमचा अपघात त्याच्या आधीचा. म्हणून हिशेब १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यानंच. तो असा: पगाराचे ६० टक्के ८,४००. त्याला कायद्यात वयाप्रमाणे दिलेल्या गुणांकानं गुणायचं, चाळीस पूर्ण असल्यास तो १८४.१७. गुणाकार १५,४७,०२८. ही रक्कम माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला तर. एका हाताची तीन बोटं गेली की कायद्याच्या परिशिष्टात ३० टक्के धरलेत, म्हणजे ४,६४,१०८. वर १२ टक्के व्याज. मालकानं विनाकारण टाळलं असं ठरलं तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही बसतो.

आता त्या वकीलसाहेबांच्या २५ टक्क्यांचा हिशेब करा. १,१६,००० होतात. मालक तुम्हाला जेवढे देतोय त्याहून जास्त वकील नेणार! निकालावर फी ठरवणं किंवा मिळालेल्या पैशात वाटा घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. कोरा चेक तर कुणालाच देऊ नये, सख्ख्या भावालासुद्धा. फी ठराविक ठरवा, हप्त्यानं द्या, पावती मागा.

बाकी ३० टक्क्यांच्या वर मागता येतं, खोटं नाही. १९७५ मध्ये सुप्रीम कोर्टानं डावा हात कोपराच्या वरून गेलेल्या सुताराला पूर्ण निकामी धरलं होतं, कारण त्याला सुतारकाम करता येणार नव्हतं. दाजींचा उजवा हात आहे, मुद्दा मांडा. पण २० लाखांची खात्री देणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

निपाणीची

दुसऱ्या वकिलांनी चुकीचं सांगितलं. अपघात जिथं झाला तिथं दावा करता येतो, तसाच कामगार राहतो तिथंही करता येतो, कलम २१ बघा. कमिशनरचं काम बेळगावात सीनियर सिव्हिल जजकडं, कोल्हापुरात लेबर कोर्टात. (सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, तुमचा दावा तरी दोन वर्षांत लावा.)

माझं मत मात्र कोल्हापूर. बेळगावात मराठी वकील पुष्कळ आहेत, पण कामकाज कन्नडमध्ये. तुमचे साक्षीदार, मालकाचे कागद, सगळं मराठी, प्रत्येक कागदाचं भाषांतर करत बसाल.

कोर्टातला कारकून

निपाणीच्या ताईंशी इथं सहमत नाही. एका तारखेला कोल्हापूर म्हणजे अख्खा दिवस आणि एक खाडा. भाषांतर एकदाच करावं लागतं, तारखा दहा पडतात. पुढं अपिलाला धारवाड खंडपीठही जवळ. वकिलाचे पैसेच नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अट न बघता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

वेंगुर्लारोडकर

सगळ्यांचे आभार. बेळगावातच करूया म्हणतोय. गार्डचं काय? ते सुपरवायझरनंच काढायला लावलं होतं, माल लवकर निघावा म्हणून. शिफ्टला असलेला एकजण बोलायला तयार आहे, पण अजून तिथंच नोकरीला आहे. आणि ठेकेदार म्हणतोय माझा संबंध नाही, कंपनी म्हणते आमचा नाही.

उद्यमबागेतला फिटर

दाव्यात दोघांनाही पार्टी (प्रतिवादी) करा. ठेकेदाराचा माणूस असला तरी मुख्य कंपनीवर जबाबदारी येते, मग ती ठेकेदाराकडून वसूल करेल नाहीतर करणार नाही, त्यांचं ते बघतील. पण आधी एक खात्री करा. कारखाना ईएसआयखाली येत असेल तर कापलं नसलं तरी हक्क तिकडचा, मग हा दावा टिकत नाही.

गार्डची बाजू मात्र तुमची कच्ची आहे, खोटी आशा लावत नाही. मुद्दाम गार्ड काढलं असं सिद्ध झालं तर अशा अर्धवट अपंगत्वात मालक सुटू शकतो. सिद्ध मात्र त्यानं करायचं. अठ्ठेचाळीस तासांवर कामगार घरी बसला तर कारखान्याला अपघात कळवावा लागतो, त्या कळवण्यात कारण काय लिहिलंय ते महाराष्ट्राच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडून माहिती अधिकारात मागवा. तेव्हा गार्डचा उल्लेख नसेल तर आत्ताची गोष्ट नंतर रचलेली. त्या पोराला आत्ताच पुढं करू नका, त्याची भाकरी जाईल.

वेंगुर्लारोडकर

उद्या प्राधिकरणात जातोय. कागद: पासबुक, डिस्चार्ज कार्ड, आधार. अजून काय? दाजी डाव्या हातानं सही शिकलेत, ती चालेल का विचारतायत.

कोर्टातला कारकून

वयाचा दाखला, दवाखान्याची एमएलसी (पोलिसांसाठीची वैद्यकीय) नोंद आणि हाताचे फोटो. डाव्या हाताची सही चालते, पण आधी बँकेत जाऊन तिथली सही बदलून घ्या. निकालाचे पैसे खात्यावर येतात आणि जुनी सही उजव्या हाताची असते, तिथं लोक महिनाभर अडकलेले बघितलेत.