मदत हवी आहे: हृदयविकाराच्या प्रश्नावलीत दोन प्रश्न अडलेत

सोलापुरात पूर्व भागातल्या विडी आणि यंत्रमाग कामगारांना हृदयविकाराची कितपत माहिती आहे, हे तपासायला 10 प्रश्न काढतोय. ‘तंबाखूने हृदयाला धोका असतो का?’ विचारलं की सगळेच ‘हो’ म्हणतात. कळत काहीच नाही. म्हणून ‘तंबाखूने कोणकोणते आजार होतात?’ असं मोकळं विचारायचंय. उत्तर कॅन्सरवरच थांबलं, तर उणीव तिथेच. पण दातांना लावायच्या मिश्रीला बायका तंबाखू धरतात का, की ते वेगळं विचारावं?

दुसरा मिठाचा. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे जेमतेम एक सपाट छोटा चमचा. त्यातच शेंगाचटणी, लोणचं, पापडही आलं. ‘वरून मीठ घेता का?’ एवढ्यात हे निसटतं. नेमके शब्द सुचवा. तेलुगू भाषांतर तपासून देणारं कुणी आहे का?