अनुभव धागा : आल्प्सचा उतार आणि माउंटन बाइक

बर्फ वितळलं की आल्प्समधल्या स्कीच्या लिफ्ट (दोरावरचे पाळणे) सायकली वर न्यायला लागतात. आपल्यातले बरेच जण नोकरी-शिक्षणासाठी या भागात आहेत आणि काही जण या नादाला लागलेत, हे गप्पांमधून कळत होतं. मराठीत यावर सविस्तर लिहिलेलं मला फारसं सापडलं नाही, म्हणून हा धागा. कुठली वाट उतरलात, भीती कुठे वाटली, काय केल्यावर जमलं, ते लिहा. निसर्गवर्णन थोडं कमी चालेल. हात, ब्रेक, टायर यांच्याबद्दल भरपूर लिहा.

सुरुवात मी करतो. मी स्वित्झर्लंडमधल्या लेन्झरहाइडला जातो. झुरिकहून कूरपर्यंत रेल्वे, पुढे बस. माउंटन बाइकची २०१८ची जागतिक स्पर्धा इथे झाली आणि पुरुषांच्या डाउनहिलमध्ये, म्हणजे फक्त उतरण्याच्या शर्यतीत, फ्रान्सचा लुईक ब्रुनी जिंकला. त्या शर्यतीची वाट 'स्ट्रेटलाइन' आपल्यासारख्यांनाही खुली असते, पण लिफ्टमधून तिचा खडकाळ भाग पाहिल्यावर नवख्याने 'फ्लोलाइन'कडेच वळावं. ती निळ्या दर्जाची, म्हणजे सोपी. वळणाच्या बाहेरच्या बाजूला मातीचा उंच काठ बांधलेला असतो, त्याला बर्म म्हणतात. बर्मच्या आधीच वेग कमी करायचा, आत शिरताना ब्रेक सोडायचा आणि नजर वळण संपतं तिथे ठेवायची. पुढच्या चाकाकडे पाहत राहिलं की सायकल काठावरून खाली घसरते. माझं ठाम मत आहे की उतारात निम्मं काम नजर करते.

म्युनिकहून

धागा काढलात ते फार बरं केलंत! मी ऑस्ट्रियातल्या लिओगांगला जाते. असिट्झ डोंगराच्या गोंडोलात (बंद डब्याच्या लिफ्टमध्ये) सायकल आपल्यासोबतच आत येते, त्यामुळे वर पोचेपर्यंत टायरची हवा, सीटचा खटका सगळं नीट तपासता येतं.

मी आधी शिकवणी लावली आणि प्रत्येकीने लावावी असं मनापासून सांगते. पहिला तासभर आम्ही लिफ्टकडे फिरकलोसुद्धा नाही. पार्किंगच्या बाजूच्या उतारावर उभं राहायला शिकलो. सीट खाली, दोन्ही पेडल एका पातळीत, टाचा किंचित खाली, कोपरं बाहेर, ब्रेकवर फक्त एकेक बोट. बसायचं नाहीच. गुडघे आणि कोपरं मोकळी असली की सायकल खाली हवी तशी उडते आणि डोकं मात्र स्थिर राहतं. हे अंगात मुरल्यावर धक्के तेच असतात, पण त्यांची धास्ती जाते.

जंगलातल्या पट्ट्यात ओली मुळं हा खरा शत्रू. मुळांवर ब्रेक दाबला की चाक तिथल्या तिथे निसटतं. ब्रेक मुळांच्या आधी, वरून जाताना बोट सैल आणि हँडल सरळ. २०२०च्या ऑक्टोबरात इथे जागतिक स्पर्धा झाली तेव्हा त्या वाटेचा नुसता चिखल झाला होता. नामांकित खेळाडू आपटत होते. ती शर्यत पाहिल्यापासून पावसात वाट सोडून गोंडोलाने खाली यायला मला जराही कमीपणा वाटत नाही.

ग्रनोबलहून

ब्रेकवर लिहितो, कारण आमच्याकडचे उतार संपता संपत नाहीत. फ्रान्समधल्या आल्प द्युएझची 'मेगाव्हॅलांश' शर्यत १९९५पासून होते. पिक ब्लां शिखरावर ३,३३० मीटरला सुरुवात, आधी हिमनदी, मग खडक, मग कुरणं आणि जंगल, शेवट खाली दरीतल्या आलमों गावात. अडीच हजार मीटरांहून जास्त उतार! मी शर्यतीत भाग घेत नाही, एरवी त्यातले खालचे तुकडे उतरतो.

इतक्या लांब उतारावर ब्रेक सतत हलका धरून ठेवला तर डिस्क थंड व्हायला उसंत मिळत नाही. उष्णता पॅडमधून ब्रेकच्या तेलात जाते. तेलात पाण्याचा अंश असेल तर वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर पार हँडलला टेकते, पण चाक थांबत नाही. उपाय सोपा : जोरात, थोडा वेळ दाबायचा आणि पूर्ण सोडायचा. हातांनाही तोच आराम. पंधरा मिनिटं मूठ आवळून धरलीत तर कोपराखालचा हात लाकडासारखा होतो, मग बोट ब्रेकवर आहे की नाही तेच कळत नाही. असं झालं की थांबा, वाटेच्या बाहेर उभे राहा, हात झटका. मागचे भरधाव येतात, वळणाच्या पलीकडे कधीच थांबू नका.

पुण्याहून

अजून आल्प्स पाहिलेला नाही, सप्टेंबरात ऑफिसच्या कामाने जातोय. इथे वेताळ टेकडी आणि सिंहगडाच्या आसपास चालवतो. आपल्याकडे लिफ्ट नाही, जेवढं उतरायचं तेवढं आधी स्वतः चढायचं. मुरमावर चाक घसरतं याची सवय आहे, ओल्या मुळांची अजिबात नाही. सायकल तिथेच भाड्याने घ्यावी ना? कुठली?

व्हँकुवरहून

आल्प्स नव्हे, पण कॅनडातल्या व्हिसलरबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. हिरवा, निळा, काळा, दुहेरी काळा असे सोप्याकडून अवघडाकडे जाणारे दर्जे पाळा. 'ईझी डझ इट'वरून सुरुवात, मग 'बी-लाइन', आणि बऱ्याच सरावानंतर 'ए-लाइन'. तिथल्या उड्या टेबलटॉप, म्हणजे मधला भाग मातीने भरलेला; उडी कमी पडली तरी खड्ड्यात जात नाही. ऑगस्टपर्यंत वळणांआधी ब्रेकमुळे खाचा पडतात, मनगटं भरून येतात. अस्वलं दिसतात. त्यांना वाट द्या.

जिनिव्हाहून

लेकाचं कॉलरबोन फ्रान्समधल्या ले जेला मोडलं. उडी नाही, काही नाही. साध्या वळणावर, कोरड्या धुळीत पुढचं चाक गेलं. वाटेवरच्या बचाव पथकाने फार मायेने खाली आणलं. त्रास नंतर झाला. प्रवास विम्यात 'सायकलिंग' लिहिलेलं होतं, पण लिफ्टने वर जाऊन उतरणं बारीक अक्षरात वगळलेलं. पॉलिसी घेण्याआधी हाच प्रश्न लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर मुलांच्या तोंडी पाठ असू द्या.

पुन्हा झुरिकहून

विम्याच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. स्वित्झर्लंडमध्ये नोकरदारांच्या अपघात विम्यात डाउनहिल शर्यत आणि शर्यतीच्या मार्गावरचा सराव अतिजोखमीचा धरतात, रोख भरपाई निम्म्यावर येते. इथे नोकरीला असलेल्यांनी ध्यानात ठेवा.

पुणेकर, सायकल भाड्यानेच घ्या. दोनशे मिलिमीटर सस्पेन्शनची (धक्का शोषताना चाक एवढं वर जातं) शर्यतीची सायकल नको. एकशे साठच्या आसपासची घ्या, वळवायला सोपी जाते. हनुवटी झाकणारं हेल्मेट, गुडघ्या-कोपरांचे पॅड, पूर्ण बोटांचे हातमोजे तिथेच मिळतात.

आणि हे मात्र दुकानातच पाहा : भारतात पुढचा ब्रेक बहुधा उजव्या हाताला असतो, इथे तो डाव्या हाताला. घाबरल्यावर हात जुन्या सवयीने दाबतात आणि चुकीचं चाक अडकतं. दुकानदाराला विचारा, काही जण ब्रेक अदलाबदल करून देतात. नाही म्हणाले तर लिफ्टकडे जाण्याआधी सपाटीवर अर्धा तास नुसते ब्रेक मारत फिरा. सप्टेंबरात या भागात येणार असाल तर कळवा, लेन्झरहाइडला मी बरोबर येतो.