टेनिस टीमची कॅप्टनशिप कॉलेज ॲडमिशनला कितपत धरतात? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक पब्लिक हायस्कूलला अकरावीत आहे. इथे मुलींचं टेनिस फॉलमध्ये असतं. ती व्हार्सिटीत (शाळेच्या मुख्य टीममध्ये) सेकंड डबल्स खेळते आणि सीझन संपताना टीमने मतं देऊन तिला पुढच्या वर्षाची को-कॅप्टन केलं. तेव्हापासून घरात वाद पेटलाय. नवऱ्याचं म्हणणं, सेकंड डबल्सवालीला कुठल्या कॉलेजचा कोच टीमसाठी रिक्रूट करतोय? कॉलेज अर्जांच्या १ नोव्हेंबरच्या अर्ली डेडलाइन तोंडावर असताना रोज संध्याकाळ कोर्टवर कशाला घालवायची, त्यापेक्षा एखादा रिसर्च प्रोग्रॅम बघू दे.

रिक्रूट होणार नाही हे मलाही दिसतंय. पण गेल्या सीझनला फर्स्ट सिंगल्सवाली मुलगी हरून कुंपणापाशी रडत बसली होती, तर आमची बया स्वतःची मॅच संपवून आमच्याकडे ढुंकूनही न बघता आधी तिच्याकडे गेली. हे अर्जात कुठे दिसतं का? आम्ही दोघं पुण्यात मार्कांवर इंजिनिअर झालेलो. खेळाचे गुण म्हणजे दहावी-बारावीला राज्य पातळीवरच्या खेळाडूंना मिळतात ते, एवढीच आमची समज.

तिला मेकॅनिकल करायचंय. इथली सरकारी युनिव्हर्सिटी रटगर्स आहेच, शिवाय एमआयटी आणि यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) कॉलेजेस मनात आहेत. कोचचं पत्र घ्यावं का?

– पावसाळी_छत्री

खडूफळा: दोन गोष्टींची गल्लत होतेय. रिक्रूट झालेल्या खेळाडूचं खातंच वेगळं. आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येलसारख्या आठ नामांकित कॉलेजांत) खेळाची स्कॉलरशिप नसते, तरी कोचने नाव उचलून धरलं की फार फरक पडतो. ॲडमिशनमधल्या भेदभावावरून हार्वर्डवर झालेला खटला २०१८ मध्ये कोर्टात उभा राहिला तेव्हा त्यांची पद्धत सगळ्यांसमोर आली: अभ्यास, इतर उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व, प्रत्येकाला वेगळा आकडा. तुमच्या लेकीचं कॅप्टनपद मोजलं जाईल ते बहुतेक दुसऱ्या आणि चौथ्या खात्यात. एमआयटीत तर कोच फार तर शब्द टाकू शकतो, जागा त्याच्या हातात नसतात. आणि खरं सांगू? देशभरात शाळा किती, प्रत्येक शाळेत टीम किती. नुसतं 'कॅप्टन' वाचून कुणी खुर्चीतून उठत नाही.

मोगरा७: उठत नाही हे खरं, पण म्हणून सोडायचं? कॉमन ॲपमध्ये (अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) १० उपक्रम लिहिता येतात, वर्णनाला जेमतेम १५० अक्षरं, स्पेस धरून. त्यात 'टीमचं नेतृत्व केलं' लिहिलं तर जागा फुकट. नवीन मुलींना सर्व्ह शिकवली, सरावाचं वेळापत्रक लावलं, असलं काहीतरी लिहू दे. पद वरच्या वेगळ्या रकान्यात जातं. आठवड्याचे तास आणि वर्षाचे आठवडेही विचारतात, ते फुगवू नका.

यूसीचा अर्ज वेगळा. आठ प्रश्नांतले चार निवडायचे, प्रत्येकी ३५० शब्द, आणि पहिलाच प्रश्न नेतृत्वावर! ती कुंपणापाशी रडणारी मुलगी तिथे घाला, फक्त नाव नको. शिफारसपत्रं मात्र यूसी अर्जासोबत घेत नाही.

खडूफळा: पत्राबद्दल राहिलंच. एमआयटीला एक गणित किंवा सायन्सच्या शिक्षकाचं आणि एक भाषा किंवा सोशल स्टडीजच्या शिक्षकाचं लागतं. कोचचं त्याऐवजी चालत नाही, वरचं म्हणून जोडता येतं. शिक्षकांना माहीत नाही असं काही कोचकडे सांगण्यासारखं असेल तरच मागा. बाकी प्रत्येक कॉलेजचा कॉमन डेटा सेट (कॉलेज स्वतःच जाहीर करतं ती ठरावीक नमुन्यातली माहिती) उघडा, त्यात ॲडमिशनला कशाला किती महत्त्व देतात त्याचा सी ७ तक्ता असतो. उपक्रमांना 'महत्त्वाचे' म्हणतात की नुसते 'विचारात घेतो', हे तिथे कळतं. मिस्टरांना तोच दाखवा.

सासुरवाडीचा_रस्ता: मुलींनी मतं देऊन निवडलेली पोर सीझनच्या तोंडावर टीम सोडून गेली, तर शाळेचा काउन्सेलर कॉलेजांना पाठवायच्या पत्रात काय लिहील याचाही विचार करा. निबंध ऑगस्टमध्येच उरकून घ्या म्हणजे ऑक्टोबर जड जाणार नाही.

पावसाळी_छत्री: सगळ्यांचे आभार. सी ७ नवऱ्याला दाखवला, तो आता रटगर्सचा शोधतोय. एकच शंका: को-कॅप्टन दोघी आहेत, मग पदाच्या रकान्यात 'कॅप्टन' लिहिलेलं चालतं की 'को-कॅप्टन'च लिहायचं?

मोगरा७: को-कॅप्टनच. दुसरीही बहुतेक त्याच कॉलेजांना अर्ज करणार, आणि काउन्सेलर दोघींचा एकच!