विषय: शाळांच्या पैशावरची पोस्टरं, मजकूर आणि छपाई

काका-मावशींनो, नमस्कार.
आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टचा पार्सल टॅक्स (जमिनीच्या प्रत्येक नोंदणीकृत तुकड्यावरचा, म्हणजे पार्सलवरचा, स्थानिक कर) यंदा बॅलटवर आहे. कॅलिफोर्नियात शाळांना पैसा कुठून येतो, हे समजावणारं पोस्टर आम्ही करतोय. मसुदा जोडला आहे. अकरा बाय सतराच्या कागदावर सात मुद्दे आणि चार आलेख मावत नाहीत. शिवाय आजी-आजोबांसाठीच्या मराठी प्रतीत वेलांट्या भलत्याच जागी जातात. काय ठेवावं, काय गाळावं?
– युवा शाखा

उत्तर:
मुलांनो, सातांतला एकच मुद्दा ठेवा: बाँड आणि पार्सल टॅक्स यांतला फरक. मतदारांचा सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. बाँडचा, म्हणजे डिस्ट्रिक्टने उभारलेल्या कर्जाचा, पैसा इमारती, दुरुस्ती आणि साहित्यासाठी. त्यातून शिक्षकांचा पगार देता येत नाही. २००० साली राज्यातल्या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन ३९ पासून असा बाँड ५५ टक्के मतांवर मंजूर होतो. डिस्ट्रिक्टने मांडलेल्या पार्सल टॅक्सला मात्र दोन-तृतीयांश मतं लागतात, आणि पगार, लायब्ररी, समुपदेशक यांवर खर्च करता येतो तो हाच पैसा. मसुद्यातलं ‘घराच्या किमतीवर टॅक्स’ हे वाक्य काढा. बहुतेक ठिकाणी दर पार्सलला ठरावीक रक्कम असते, घर कितीचंही असो.

‘शाळेत नाव घातलेल्या प्रत्येक मुलामागे राज्य पैसे देतं’ हेही चूक आहे. राज्य सरासरी दैनंदिन हजेरी मोजतं, त्यामुळे आजारपणाची रजासुद्धा हिशेबातून वजा होते. पण म्हणून ‘रोज शाळेत या’ असं छापू नका; तापातलं पोर शाळेत पाठवायला सांगणं बरं नव्हे. पालो आल्टोसारख्या बेसिक एड डिस्ट्रिक्टमध्ये तर स्थानिक प्रॉपर्टी टॅक्सच राज्याच्या सूत्रापेक्षा जास्त भरतो. तिथे हजेरीचा हा मुद्दा लागूच पडत नाही.

‘होय म्हणा’ लिहिलेली प्रत शाळेच्या कॉपिअरवर काढू नका, शाळेच्या ईमेलवरूनही पाठवू नका. डिस्ट्रिक्टची साधनं प्रचाराला वापरायला कायद्याने बंदी आहे. आपलं मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था, आहे. बॅलटवरच्या प्रस्तावाबद्दल मर्यादेत बोलता येतं, पण स्कूल बोर्डाच्या उमेदवाराचं नाव किंवा फोटो अजिबात नको.
– अर्थसमिती

उत्तर:
छपाईचं मी सांगते. इलस्ट्रेटर या अडोबीच्या प्रोग्रॅममध्ये प्रेफरन्सेस, मग टाइप, तिथे इंडिक ऑप्शन्स चालू करा आणि पॅराग्राफ पॅनेलमधून साउथ एशियन कंपोझर निवडा. मग ‘विद्यार्थ्यांसाठी’ हा शब्द टाइप करून बघा: पहिली वेलांटी व-च्या आधी, द्य जोडलेला, रफार थ्या-च्या डोक्यावर. हे तिन्ही जमलं तर बाकीचं जमतं. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हा फाँट घ्या. जुन्या श्रीलिपी फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणल्याशिवाय चिकटवू नका. अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवा, वाढवलंत की शिरोरेषा तुटते. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त द्या, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांवर बसतात.

दहा फुटांवरून वाचायचं शीर्षक शिरोरेषेपासून तळापर्यंत साधारण एक इंच हवं. फाँटनुसार पॉइंट बदलतात, म्हणून एक ओळ साध्या कागदावर छापून पट्टीने मोजा. रंग कडेपर्यंत जाणार असेल तर चारी बाजूंना पाव इंचाचा अर्धा भाग ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा जादा रंग, धरा. फाइल ११.२५ बाय १७.२५ इंच, ३०० डीपीआयला ३३७५ बाय ५१७५ पिक्सेल. स्क्रीनवरचा झगझगीत निळा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, जांभळट होतो. आधी एक प्रूफ (नमुना प्रत) काढा.

चार आलेखांऐवजी दोन आडव्या पट्ट्या करा: शंभर मतांपैकी बाँडला ५५ आणि पार्सल टॅक्सला ६७. पट्टी शून्यापासूनच सुरू व्हायला हवी. पन्नासपासून काढलीत तर ६७ ची पट्टी ५५ च्या तिप्पट-चौपट लांब दिसेल आणि कोणीतरी बरोबर बोट ठेवेल. लाल-हिरवा ही जोडी टाळा, रंगांधांना फरक कळत नाही. क्यूआर कोड दोन फुटांवरून स्कॅन व्हायला अडीच इंचाचा ठेवा, भोवती कोडातल्या चार बारीक चौकोनांइतकी कोरी जागा. फुकट डायनॅमिक कोड (दुसऱ्याच्या सर्व्हरवरून लिंककडे नेणारा) नको, मुदत संपली की लिंक मरते. मुद्रितशोधन झाल्यावरच अक्षरांच्या आउटलाइन्स (आकृत्या) करा, आणि मूळ फाइल वेगळी ठेवा.
– मुद्रण गट

उत्तर:
मावशी, काका, आभार. शीर्षक असं चालेल? ‘बाँड इमारतींना. पार्सल टॅक्स शिक्षकांना.’
– युवा शाखा

उत्तर:
पहिलं वाक्य ठीक. दुसऱ्यात अडचण आहे: पार्सल टॅक्सचा पैसा प्रस्तावात लिहिलेल्या कामांनाच जातो. आपल्या डिस्ट्रिक्टच्या ठरावाचा पूर्ण मजकूर काढा, त्यात पगाराचा उल्लेख असेल तरच ‘शिक्षकांना’ लिहा. मराठी प्रतीतही तेच.
– अर्थसमिती