शिवणवर्ग: पायाने पेडल दाबता येत नसेल तर?

प्रश्न: वर्गात व्हीलचेअरवरची मुलगी येणार आहे. दोन्ही पायांत ताकद नाही, दारात 15 सेंमीची पायरी. काय बदल करावे?

प्रतिसाद १: मशीनला मोटर लावा. पेडल कोपराने दाबता येईल असं टेबलाच्या कडेला स्क्रूने घट्ट बसवा. नुसतं ठेवलं तर सरकतं आणि टाके एकदम पळतात. वेग आधी कमीच ठेवा. दोन्ही हात कापडावरच राहायला हवेत, म्हणून हाताने फिरवायचं मशीन देऊ नका.

प्रतिसाद २: पायमशीनचा लोखंडी सांगाडा काढा, गुडघे अडतात. टेबलाखाली 70 सेंमी उंच मोकळी जागा हवी. पायरीला 1:12 उतार (1 सेंमी चढायला 12 सेंमी लांबी), म्हणजे 1.8 मीटर लांब. आखूड फळी टाकून भागवू नका हो, खुर्ची मागे कलंडते!

प्रतिसाद ३: यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) आत्ताच काढा. 2016च्या अपंग हक्क कायद्यातलं आरक्षण किमान 40 टक्के अपंगत्वावर मिळतं.