गुणवत्ता संचालकाने नेमके कोणाला उत्तरदायी असावे?

चाकणचा_क्वालिटीवाला (प्रश्न)

नमस्कार. मी २१ वर्षे गुणवत्ता विभागात काम करीत असून सध्या चाकण परिसरातील ॲल्युमिनियम प्रेशर डाय कास्टिंगच्या (वितळलेला धातू दाबाने साच्यात भरून भाग बनवण्याच्या) एका कारखान्यात क्वालिटी हेड आहे. आम्ही वाहन कंपन्यांना पंप हाउसिंग, कव्हर अशा प्रकारचे भाग पुरवतो. कंपनीने आता तिन्ही कारखान्यांसाठी मिळून ‘डायरेक्टर – क्वालिटी’ असे नवे पद निर्माण केले आहे आणि ते मला देऊ केले आहे. पगाराबाबत माझी काहीच तक्रार नाही. अडचण एवढीच आहे की प्रस्तावानुसार मी व्यवस्थापकीय संचालकांना नव्हे, तर ऑपरेशन्सच्या प्रमुखांना उत्तरदायी असेन, आणि तिन्ही कारखान्यांच्या उत्पादनाचे व डिस्पॅचचे लक्ष्य त्यांच्याच नावावर आहे. ते गृहस्थ सज्जन आहेत, आमचे संबंधही उत्तम आहेत. परंतु महिनाअखेरीस गाडी गेटवर उभी असताना एखादा लॉट अडवायचा झाला, तर ज्यांचे लक्ष्य त्यामुळे बुडणार आहे त्यांचीच परवानगी मला मागावी लागेल, असे दिसते. हा मुद्दा आत्ताच ताणून धरावा, की आधी पद स्वीकारून मग हळूहळू मार्ग काढावा? या पदावर प्रत्यक्ष काम केलेल्या मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

निवृत्त_भोसरी

आपला प्रश्न योग्य वेळी आला आहे, कारण रुजू झाल्यानंतर हा प्रश्न विचारणाऱ्याला सगळे ‘अविश्वास दाखवतो’ असे म्हणतात. मी ९ वर्षे याच पदावर होतो आणि त्यातली पहिली ४ वर्षे अगदी आपल्यासारख्याच रचनेत, म्हणजे ऑपरेशन्सच्या हाताखाली काढली.

त्या काळातली एक गोष्ट सांगतो, आणि तिच्यात चूक माझी आहे. मार्चचा शेवटचा आठवडा होता. लीक टेस्ट यंत्राची सकाळची मास्टर तपासणी, म्हणजे मुद्दाम गळका ठेवलेला नमुना लावून यंत्र त्याला नापास करते की नाही हे पाहण्याची तपासणी, त्या दिवशी चुकली होती. ऑपरेटरने प्रामाणिकपणे तशी नोंदही केली होती; पण पुढे कोणी ती वही उघडली नाही आणि दोन पाळ्यांचा माल त्याच यंत्रावरून ‘पास’ होऊन पॅक झाला. माझ्या लक्षात आले तेव्हा निम्मा माल गाडीत चढला होता. शेवटच्या चांगल्या मास्टर तपासणीनंतरचा सगळा माल अडवणे हाच नियम होता, आणि तो मला पाठ होता. ऑपरेशन्सचे साहेब म्हणाले, “शंभरातले अठ्ठ्याण्णव चांगलेच असणार, उरलेले बघून घेऊ.” मी डेव्हिएशनच्या, म्हणजे नियमाला अपवाद करून माल सोडण्याच्या, कागदावर सही केली.

बारा दिवसांनी ग्राहकाच्या लाईनवर तेल गळणारे भाग सापडले. त्यानंतर आमची माणसे तिथे सॉर्टिंगला गेली, आम्ही कंट्रोल्ड शिपिंगखाली, म्हणजे जादा तपासणी करूनच माल पाठवण्याच्या ग्राहकाच्या सक्तीखाली आलो, पुढे तर आमच्याच खर्चाने त्रयस्थ संस्थेचे निरीक्षक आमच्या कारखान्यात बसले आणि अशा स्थितीची माहिती प्रमाणन संस्थेलाही कळवावी लागली. चौकशीत कागद बाहेर आला तेव्हा त्यावर एकच सही होती, आणि ती माझी होती. साहेबांचे वाक्य तोंडी होते.

म्हणून सांगतो, उत्तरदायित्वाची रेषा हा मानपानाचा विषय नाही. आपण वाहन उद्योगाला पुरवठा करता, म्हणजे आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचे गुणवत्ता मानक आपल्याला लागू असणारच. त्यातील ५.३.२ या कलमानुसार, उत्पादन आवश्यकतेनुसार आहे की नाही याची जबाबदारी असलेल्या व्यक्तींना डिस्पॅच थांबवण्याचा आणि उत्पादन थांबवण्याचा अधिकार असायलाच हवा. बहुतेक कंपन्यांत हे वाक्य मॅन्युअलमध्ये असते आणि नेमणूकपत्रात नसते. ते नेमणूकपत्रात घ्या. दुसऱ्या बाजूने, आयएसओ ९००१ या सर्वसाधारण गुणवत्ता मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीने ‘मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह’ (गुणवत्ता व्यवस्था सांभाळणारा व्यवस्थापनाचा प्रतिनिधी) हे सक्तीचे पद काढून टाकले आणि जबाबदारी थेट सर्वोच्च व्यवस्थापनावर टाकली. अनेकांनी याचा अर्थ ‘आता क्वालिटीवाल्याचे वजन कमी झाले’ असा लावला. माझ्या मते अर्थ नेमका उलटा आहे, आणि आपल्या व्यवस्थापकीय संचालकांशी बोलताना तो मुद्दा उपयोगी पडेल.

हिशेबनीस_पिंपरी

मी वित्त विभागातला आहे, त्यामुळे माझे मत काहींना रुचणार नाही. क्वालिटीचे प्रमुख बैठकीत पीपीएम (दहा लाखांमागे सदोष भाग) आणि सीपीके (प्रक्रिया ठरलेल्या मर्यादेत किती नीट बसते याचा निर्देशांक) सांगतात आणि समोरचे माना डोलावून पुढच्या विषयाकडे वळतात. आपण संचालक होणार असाल तर रुपयांत बोलायला शिकावे लागेल, कारण रेषा कुणाकडेही असो, ज्याचे आकडे ताळेबंदापर्यंत पोहोचतात त्याचेच म्हणणे अखेर ऐकले जाते.

डाय कास्टिंगमध्ये तर ही पळवाट फारच सोपी आहे. नापास झालेला भाग पुन्हा भट्टीत जातो, म्हणून ‘धातू तर परत मिळाला, नुकसान कसले?’ असे सर्रास म्हटले जाते. आमच्याकडेही हिशेबात धातूची किंमत जमेस धरली जायची. मात्र वितळवण्याचा गॅस, वितळताना होणारी घट, यंत्राचे गेलेले तास आणि मशिनिंगनंतर पोरॉसिटी (धातूतील बारीक पोकळ्या) उघडी पडली असेल तर त्यावर झालेले सगळे काम कुठेच दिसत नसे. हे सगळे मांडायला आम्हाला तीन महिने लागले, आणि आलेला आकडा पाहिल्यावर पहिला फोन ऑपरेशन्सच्या प्रमुखांचाच आला. निकृष्ट गुणवत्तेचा खर्च व्यवस्थापन आढाव्यात मांडणे त्याच आयएटीएफच्या ९.३.२.१ या कलमाने बंधनकारक केले आहे, तेव्हा हा आकडा मागण्याचा हक्क आपल्याला आहेच.

जाता जाता एक सूचना. ‘डायरेक्टर’ हा हुद्दा आणि संचालक मंडळावरील नेमणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्यात मंडळावर नेमलेल्या व्यक्तीलाच संचालक म्हटले आहे. आपल्याकडे डीआयएन (संचालक ओळख क्रमांक) मागितला नसेल, तर हा फक्त हुद्दा आहे असे समजून चालावे आणि ‘मी बोर्डावर बोलेन’ असे मनातल्या मनात धरू नये.

वेर्णा_क्यूए

मी गोव्यात वेर्णा औद्योगिक वसाहतीतील औषधनिर्मिती कंपनीत गुणवत्ता आश्वासन विभागाची प्रमुख आहे. ही चर्चा वाचताना मला आश्चर्य वाटले, कारण आमच्या क्षेत्रात हा प्रश्न वाटाघाटीचा उरलेलाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या उत्तम उत्पादन पद्धतींमध्ये उत्पादनाचा प्रमुख आणि गुणवत्तेचा प्रमुख एकमेकांपासून स्वतंत्र असावेत असे स्पष्ट आहे, आणि अधिकृत व्यक्तीने बॅच मुक्त केल्याशिवाय माल बाजारात जात नाही. आपल्याकडचे सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषधनिर्मितीच्या उत्तम पद्धतींचे नियम, डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झाल्यापासून लहान कारखान्यांनाही याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

तरीही मी भोसरीच्या सरांशी पूर्ण सहमत नाही. रेषा स्वतंत्र असूनही दबाव येतोच, फक्त तो वेगळ्या दाराने येतो. “बॅच सोडा” असे मला कोणी म्हणत नाही; “तपास कधी संपेल?” असे दिवसातून सहा वेळा विचारले जाते. तपास लवकर संपवणे आणि तपास गुंडाळणे यांतला फरक राखायचा असेल तर हाताखालच्या माणसांना, विशेषतः प्रयोगशाळेतल्या नव्या मुलामुलींना, वाईट निष्कर्ष लिहिण्याची भीती वाटता कामा नये. ऑक्टोबर २०१७ मध्ये कोबे स्टीलने ॲल्युमिनियम आणि तांब्याच्या उत्पादनांच्या तपासणीच्या नोंदी बदलल्याची कबुली दिली, तेव्हा ते प्रकार वर्षानुवर्षे चालू होते असे पुढे आले. इतक्या काळात खाली कुणालाच काही ठाऊक नव्हते, यावर माझा विश्वास बसत नाही. चाकणच्या दादांनी रेषेसाठी आग्रह जरूर धरावा. पण ऑपरेटरने लिहिलेली मास्टर तपासणीची ती नोंद कोणी का वाचली नाही, हा प्रश्न मला त्या सहीइतकाच मोठा वाटतो.

निवृत्त_भोसरी

ताई, आपण बरोबर जागी बोट ठेवलेत. ती वही रोज पाहण्याचे काम माझ्याच विभागाचे होते.

चाकणचा_क्वालिटीवाला

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल व्यवस्थापकीय संचालकांशी चाळीस मिनिटे बोललो. रजा, प्रवास, खर्चाची मंजुरी अशा दैनंदिन बाबींसाठी मी ऑपरेशन्सकडेच राहीन, हे त्यांनी बदलले नाही. मात्र डिस्पॅच आणि उत्पादन थांबवण्याचा अधिकार नेमणूकपत्रात येईल, अडवलेला लॉट सोडायचा असेल तर सोडणाऱ्याने स्वतःच्या नावाने कारण लिहून सही करायची, आणि महिन्यातून एकदा मी त्यांना एकट्याने भेटायचे, एवढे मान्य झाले. निकृष्ट गुणवत्तेच्या खर्चाचा आकडा मी बोललो तेव्हा त्यांनी वहीत उतरवून घेतला. बोर्डाचा विषय मी काढलाच नाही. डीआयएन कोणी मागितला नव्हता.

निवृत्त_भोसरी

हे माझ्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ झाले. सही करण्यापूर्वी आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. आपले वार्षिक मूल्यमापन कोण लिहिणार, हे अजून आपण सांगितलेले नाही. ते ऑपरेशन्सकडेच राहिले तर दरमहाच्या भेटीत आपण काय बोलता आणि काय गिळता यावर त्याचा परिणाम होईल. दुसरे असे की आपण एकटे आणि कारखाने तीन. रात्री अडीच वाजता तिसऱ्या पाळीत मास्टर नमुना चुकला, तर लाईन थांबवण्याचा अधिकार तिथे हजर असलेल्या कोणत्या माणसाला आहे, त्याचे नाव भिंतीवर लावलेले आहे का, आणि त्याने तो अधिकार वापरला तर सकाळी त्याला कोण बोलावून घेते, हे तिन्ही ठिकाणी स्वतः रात्री जाऊन पाहा.